गव्हाचा कोंडा खाऊ घालताय? एन्झाइमची पुडी फोडण्याआधी हे वाचा
(वराहपालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, मग वाटून चीक पिळतात. तरी उरलेला चोथा पुन्हा पाण्यात चुरला की पांढरं पाणी निघतंच. तीन दिवस भिजूनही सालाला चिकटलेलं सत्त्व पुरतं सुटत नाही. डुकराच्या लहान आतड्यातून तर खाद्य काही तासांतच पुढे सरकतं.

गव्हाच्या पेशींच्या भिंतीत अरॅबिनोझायलन नावाचा तंतू असतो. दाण्यात साधारण ६ ते ८ टक्के, कोंड्यात त्याच्या दुपटीहून जास्त. स्टार्च आणि प्रथिनं पचवणारे रस डुकराच्या अंगात तयार होतात, पण ही भिंत फोडणारं झायलनेज नावाचं एन्झाइम (पचनाला मदत करणारं प्रथिन) होत नाही. मग भिंतीआड अडकलेलं सत्त्व तसंच मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि डुकराला थोडी ऊर्जा मिळतेही, पण लहान आतड्यात पचलं असतं तर मिळाली असती तेवढी नाही. शिवाय तंतूचा विरघळणारा भाग आतड्यातलं खाद्य चिकट करतो. हा त्रास कोंबड्यांत मोठा, डुकरांत बराच कमी. म्हणून ब्रॉयलरवाल्या मित्राला दिसलेला फरक तुमच्या शेडमध्ये तसाच दिसेल, असं आम्ही सांगणार नाही.

आमच्या पुडीत झायलनेजबरोबर फायटेज हे दुसरं एन्झाइमही आहे. गव्हातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो फायटेज सोडवतं. त्यामुळे डीसीपी (फॉस्फरससाठी खाद्यात घालतात ती डायकॅल्शियम फॉस्फेटची पावडर) थोडी कमी करता येते. किती, ते तुमचं मिश्रण बघूनच सांगू. चुनखडी मात्र अंदाजपंचे ओतू नका. कॅल्शियम जास्त झालं की फायटेजचं काम मंदावतं.

खाद्यात गहू, कणी किंवा कोंडा बऱ्यापैकी असेल तरच पुडी घ्या. नुसता मक्याचा भरडा आणि सोयापेंड घालत असाल तर झायलनेजवर पैसे घालवू नका, मक्यात हा तंतू कमीच असतो. बुरशी लागलेला गहूही या पुडीने सुधारत नाही. तो फेकायचाच.

सर्वांत जास्त पुड्या वाया जातात त्या उकळत्या पातेल्यात. हॉटेलचं खरकटं घालणाऱ्यांनी ते उकळलंच पाहिजे, स्वाइन फीव्हरचा धोका आहे. पण एन्झाइम हे प्रथिन आहे, उकळीत ते मरतं. आधी उकळा, कोंडा घाला, हात सहज बुडवता येईल इतकं निवू द्या, आणि मगच पुडी टाका. कोमट आंबोणात अर्धा-एक तास राहिलं तर आणखी चांगलं, काम तिथेच सुरू होतं. पेलेट बनवून घेत असाल तर गिरणीवाल्याला आधी विचारा. तिथे वाफेने खाद्य ८० अंशांच्या वर तापतं आणि साधी पावडर टिकत नाही.

प्रमाण १००० किलोला १०० ग्रॅम, म्हणजे १०० किलोला १० ग्रॅम. एवढीशी पावडर थेट ढिगावर भुरभुरली तर एका डुकराला सगळी आणि दहांना काहीच नाही. आधी किलोभर कोंड्यात चोळा, ते दहा किलोंत कालवा, मग सगळ्यात. तोंडाला फडकं बांधा. ही धूळ नाकात गेली की काहींना दम्यासारखा त्रास होतो.

दळण मध्यम ठेवा. पिठासारखं बारीक खाद्य पचतं छान, पण त्याने डुकराच्या जठरात अल्सर होऊ शकतो.

फरक डोळ्यांनी लगेच दिसत नाही. एकाच वयाची, जवळपास सारख्या वजनाची डुकरं दोन कप्प्यांत ठेवा. एकाला पुडी, दुसऱ्याला नाही, बाकी खाद्य तेच. चार आठवडे किती किलो खाद्य गेलं ते लिहा, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी वजन घ्या. ती वही घेऊन दुकानात या. आकड्यांत फरक नसेल तर पुढची पुडी आम्ही स्वतःहून देणार नाही.