शाळा की सुवार्ता? नगरच्या मंडळीला घडवणारा १८५५चा निर्णय

सर्व राष्ट्रांची काळजी वाहणारा देव बायबलात पहिल्यापासून आहे. अब्राहामाला दिलेल्या वचनात पृथ्वीवरची सारी कुळे येतात. योनाला निनवेला पाठवले गेले, आणि निनवे तर इस्राएलाच्या शत्रूची नगरी. त्या पुस्तकाच्या शेवटी देव तिथल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची कीव करतो आणि त्यांच्या गुराढोरांचाही उल्लेख करतो. ही गुरेढोरे ध्यानात ठेवावीत; मिशनने शाळा चालवाव्यात की केवळ सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगावी या पुढच्या वादात त्यांचा संबंध येतो. इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमेत परराष्ट्रीयांना सुंतेची अट न घालता मंडळीत (चर्चमध्ये) घ्यायचे ठरले आणि वाट मोकळी झाली. सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही येशूची महाआज्ञा तर प्रसिद्धच आहे. गोवा आणि वसईतली सोळाव्या शतकातली पोर्तुगीज परंपरा हा स्वतंत्र विषय असल्याने इथे घेतलेला नाही.

मराठी मुलुखात प्रॉटेस्टंट सुवार्ताकार्य मुंबईत १८१३ साली सुरू झाले. कलकत्त्याहून निघालेले दोन अमेरिकी मिशनरी त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात उतरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला ते नको होते, आणि त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. मुंबईच्या गव्हर्नरने मात्र ते अमलात आणायला विलंब लावला. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली आणि परवाना घेऊन येणाऱ्या मिशनऱ्यांना दार उघडले. १८२४ साली या अमेरिकी मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२६ साली मराठी नवा करार छापला, १८३१ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे उघडले आणि १८४२ साली तिथून मराठी नियतकालिक सुरू केले. नगरच्या मुलींच्या शाळेला भेट दिल्यानंतरच पुण्यातल्या जोतीराव फुले या तरुणाने १८४८ साली आपली शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणजे शाळा, छापखाना आणि रस्त्यावरचा उपदेश ही तिन्ही कामे सुरुवातीपासून बरोबरीने चालली होती. पण शाळांतून शिकलेल्या मुलांपैकी बाप्तिस्मा घेणारे अगदी थोडे निघाले. इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी कचेरीत जाई. या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या बोस्टनमधल्या मूळ संस्थेत या खर्चाबद्दल कुरकुर वाढत गेली, आणि १८५४च्या अखेरीस दोन जणांचे शिष्टमंडळ मुंबईला येऊन दाखल झाले.

त्यांनी दिलेला निर्णय सरळ होता. मिशनचे काम सुवार्ता सांगणे आणि गावोगाव मंडळ्या उभ्या करणे हे आहे, सुधारणा पसरवणे नव्हे. इंग्रजी शाळा बंद कराव्यात. उपदेश, शिक्षण, पुस्तके सारे लोकांच्या भाषेत असावे. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा आणि सुवार्ता पुढे न्यावी तीही स्वतःच. मुंबई आणि नगरच्या इंग्रजी शाळांवर त्याप्रमाणे पडदा पडला. याच सुमारास नगरला दोन मराठी माणसांना पाळकपदाची (मंडळीच्या धर्मगुरूपदाची) दीक्षा मिळाली. पण निर्णय सर्वांना पटला नव्हता. मार्च १८५६मध्ये अमेरिकेत ऑल्बनी इथे संस्थेला खास सभा बोलावून त्यावर चर्चा करावी लागली.

या निर्णयाचे मोल मोठे आहे. मराठीत उपदेश करण्याच्या आग्रहातून १८६०च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. वीणा, टाळ, मृदंग यांच्या साथीने येशूचे चरित्र गावच्या चावडीपुढे गाता येते, हे त्या लोकांनी दाखवून दिले. मराठी पाळक, मराठी पंच आणि मराठी भजने लाभलेली मंडळी परक्या साहेबाच्या आधारावर अवलंबून राहिली नाही, याचे श्रेय बरेचसे त्या धोरणाला द्यायला हवे.

तरीही माझ्या मते एक चूक झाली आणि तिची किंमत गरिबांनी मोजली. १८५४ सालीच सरकारच्या शैक्षणिक खलित्याने खासगी शाळांना अनुदानाचे दार उघडले होते. स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबई आणि नागपुरात इंग्रजी शिक्षण चालू ठेवले, त्यातून पुढे कॉलेजे उभी राहिली. नगरकडच्या खेड्यांतून मंडळीत आलेले लोक मात्र मुख्यतः महार आणि मांग होते. इंग्रजीवाचून त्यांच्या मुलांना कचेरी, कोर्ट, दवाखाना यांतली कामे बंद होती. निनवेच्या गुराढोरांची चिंता करणारा देव महारवाड्यातल्या मुलाच्या भाकरीची आणि पुस्तकाची चिंता करत नसेल, असे मानायला शास्त्रात आधार नाही. नगरला इंग्रजी हायस्कूल पुन्हा सुरू व्हायला १८८०चे दशक उजाडावे लागले, आणि कॉलेज थेट १९४७ साली निघाले, तेही मराठी ख्रिस्ती माणसाच्या पुढाकाराने.

पुढच्या घडामोडी वेगाने आल्या. १९०५ साली श्रीरामपूर (बंगाल) इथे भारतीय ख्रिस्ती लोकांनी भारतीय पैसा आणि भारतीय माणसे यांच्या बळावर स्वतःची मिशनरी संस्था काढली. १९१०च्या एडिंबरा इथल्या जागतिक मिशनरी परिषदेत सुमारे १,२०० प्रतिनिधींमध्ये आशियाई वीसही नव्हते. तिथे एका भारतीय पाळकाने मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली. नगरच्या परंपरेतल्या, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळक या कवीने १९१७ साली मिशन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. याचा फटका नगरकडच्या याच खेड्यांतल्या मंडळ्यांनाही बसला.

१९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला सुमारे १५० देशांतले सुवार्तिक जमले. त्यांच्या करारात सुवार्ता आणि सामाजिक जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत असे लिहिले गेले, आणि त्यांना कधीकधी परस्परविरोधी मानल्याबद्दल खेदही नोंदवला गेला.

दरम्यान सेवा आणि सुवार्ता यांच्या नात्याचा हाच प्रश्न सरकारकडूनही विचारला जाऊ लागला होता. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारच्या चौकशी समितीने १९५६ साली मिशनच्या शाळा आणि दवाखाने धर्मांतरासाठी वापरले जातात असा ठपका ठेवला. १९६७ साली ओडिशाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने जबरदस्ती, फसवणूक किंवा प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरावर बंदी घातली. प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू आणि आर्थिक लाभ आले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे वैध ठरवले. आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क राज्यघटना देते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही, असे न्यायालयाने म्हटले.