नवजात बाळाची हृदयशस्त्रक्रिया : त्याआधीचा जीवनाधार, पात्रता, संमतीपत्रं आणि कागदपत्रं

बाळाच्या हृदयात जन्मजात दोष आहे हे कळतं आणि तासाभरात सह्यांचे कागद समोर येतात. घाबरू नका. जीव धोक्यात असेल तर उपचार आधी सुरू होतात, कागद मागून येतात.

सगळ्यात पहिलं औषध म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. पोटात असताना बाळाची महाधमनी आणि फुप्फुसधमनी एका छोट्या नळीने जोडलेली असते, तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. काही दोषांत मात्र फुप्फुसांना किंवा शरीराला रक्त मिळतं ते याच नळीतून, म्हणून ती उघडी ठेवावी लागते. या औषधाला वेगळी पात्रता नाही. डॉक्टरांना दाट संशय आला तर इको (हृदयाची सोनोग्राफी) होण्याआधीही ते सुरू करतात. त्याने काही बाळांचा श्वास मध्येच थांबतो, २ किलोंखालच्या बाळांत जास्त. म्हणूनच व्हेंटिलेटर जवळ तयार असतो.

नातेवाईक हमखास म्हणतात, "ऑक्सिजन वाढवा ना!" पण एकच कार्यक्षम कप्पा असलेल्या हृदयात जादा ऑक्सिजनने रक्त फुप्फुसांकडे जास्त ओढलं जातं आणि शरीराला कमी पडतं. अशा बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, मुद्दाम ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

महाधमनी आणि फुप्फुसधमनीची जागा उलटी असेल तर फुगा लावलेल्या कॅथेटरने (बारीक नळीने) वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र मोठं करतात. याचं संमतीपत्र वेगळं असतं.

एक्मोच्या कागदावर मात्र घाईने सही करू नका. इथे यंत्र बाळाचं रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळतं आणि परत आत सोडतं. शस्त्रक्रियेनंतर त्याची गरज जास्त वेळा लागते, आधी क्वचित. साधारणपणे वजन २ किलोंच्या वर, गर्भकाळ ३४ आठवड्यांच्या पुढे आणि मेंदूत मोठा रक्तस्राव नाही, एवढं पाहतात. रक्त पातळ करणारं औषध चालू ठेवावं लागत असल्याने आधी डोक्याची सोनोग्राफी होते. दोष दुरुस्त होण्याजोगा आहे का, हा प्रश्न तर असतोच, कारण एक्मो हृदय बरं करत नाही, वेळ मिळवून देतं. सही करण्याआधी विचारा : किती दिवस ठेवणार, गुंतागुंत झाली तर काय, आणि कोणत्या टप्प्यावर थांबवणार? तिसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचाराच.

दुसऱ्या हॉस्पिटलात हलवताना संदर्भपत्र घ्या. त्यात जन्माची वेळ, वजन, चालू औषधांचे डोस आणि व्हिटॅमिन के दिल्याची नोंद हवी. इकोचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, रेकॉर्डिंगही मागून घ्या. गरोदरपणातल्या सोनोग्राफीचे कागद, आईवडिलांची ओळखपत्रं आणि हॉस्पिटलची जन्मनोंद सोबत ठेवा. जन्मदाखला तेव्हा हातात नसतोच, त्यासाठी अडून बसू नका. आईच्या रक्ताचा नमुना मात्र विसरू नका : बाळाला रक्त देण्याआधी जुळणी करताना तो बहुधा लागतो.

आई पहिल्या हॉस्पिटलातच असेल तर तिची संमती कशी घ्यायची ते निघण्याआधीच विचारून ठेवा. सही करणाऱ्याचा फोन रात्रीही चालू राहू द्या, कारण रक्त, कॅथेटर, एक्मो यांची संमती वेगवेगळी घेतात आणि ती कधीही लागू शकते.