धनेशाच्या पोटातून पेरलेलं जंगल

जूनमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या राईत जा. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी आत पाणी ठिबकतच असतं. पानापानांवर अडकलेले थेंब सावकाश खाली येतात, पालापाचोळ्यात मुरतात, ओढ्याला लागतात. आपल्या उसाला मिळणारं भोगावती नदीचं पाणी असंच साठत येतं. पण ही राई लावली कुणी?

त्यातली बरीच मोठी झाडं धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्यानं. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांच्या लगद्यानं तोंड लिंपून घेते आणि काही आठवडे आतच राहते. फटीतून नर तिला फळं भरवतो. रानजायफळासारखं मोठं बी लहान पाखराच्या घशात मावत नाही. धनेश ते सहज गिळतो आणि लांब कुठेतरी टाकतो. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत अशा मोठ्या बियांची बरीच झाडं उंच वाढतात, त्यांचं लाकूडही जड असतं. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं. म्हणून धनेश गेला की आधी काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. जुनी झाडं उभीच असतात. पुढच्या पिढीत मात्र हलक्या लाकडाची झाडं वाढतात आणि तेवढ्याच जागेत कार्बन कमी साठतो. प्राणी आणि हवामान हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं मला म्हणूनच वाटत नाही.

ॲमेझॉनमध्ये जंगलातला कार्बन असाच घटतोय, तोही फार मोठ्या प्रमाणावर; तिथं कारण मात्र थेट तोडीचं आहे. गुरांच्या कुरणांसाठी आणि सोयाबीनसाठी तिथलं जंगल तोडलं, जाळलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमानातल्या मोजमापांतून दिसलं, की आग्नेय ॲमेझॉन आता शोषतं त्यापेक्षा जास्त कार्बन हवेत सोडतंय. झाडं पानांतून वाफ सोडतात, तिचाच पुढे पाऊस होतो. झाडं गेली की तोही घटतो. आपल्याकडेही तसंच. पश्चिम घाटातल्या जंगलांची वाफ तामिळनाडूच्या पावसात मोठी भर घालते, असं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं.

तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावू, असं सर्रास म्हटलं जातं. ऑस्ट्रेलियन बाभळीनं डोंगर लवकर हिरवा दिसतो, हे खरं. पण धनेशाची मादी आत मावेल अशी ढोली तिच्यात कुठून येणार? त्यासाठी म्हातारं, जाडजूड झाडच लागतं. ते आज दाजीपुरात उभं आहे.