एवढी माणसं आणि एवढा हळू आवाज: लॅम्बचॉपच्या १९९६ च्या अल्बममागची गोष्ट

लॅम्बचॉप या अमेरिकन बँडचा 'हाऊ आय क्विट स्मोकिंग' हा अल्बम पहिल्यांदा लावला की वाटतं दहा-बारा जण वाजवतायत म्हणे, मग आवाज कुठेय? गायक कर्ट वॅग्नर जवळजवळ पुटपुटतो, गिटार नुसती टिचकी मारल्यासारखी, मागे पेडल स्टील (कंट्रीतली, सूर घसरवत वाजणारी आडवी गिटार) लांबून येते आणि मग अलगद व्हायोलिनं वर येतात. हा अल्बम १९९६ च्या सुरुवातीला मर्ज रेकॉर्ड्सने काढला, आणि तेव्हा ऑल्टरनेटिव्ह कंट्री (ऑल्ट-कंट्री), म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या कंट्री संगीताचा रॉक-पंकशी जोडलेला प्रकार, याची लोकांच्या डोक्यातली कल्पना पार वेगळी होती, त्यामुळे ही व्हायोलिनं आली कुठून हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पन्नासच्या दशकात रॉक अँड रोल आलं आणि कंट्रीवाल्यांचा तरुण श्रोता तिकडे पळाला. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते चेट अ‍ॅटकिन्स आणि डेक्का कंपनीचे ओवेन ब्रॅडली यांनी मग फिडल (गावाकडच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन), स्टील गिटार मागे सारली आणि कोरस, पियानो, स्ट्रिंग्ज (व्हायोलिनांसारख्या वाद्यांचा ताफा) पुढे आणल्या, म्हणजे पॉप ऐकणारा माणूसही ऐकेल. यालाच नॅशव्हिल साउंड म्हणतात. गायिका पॅट्सी क्लाइनचं 'स्वीट ड्रीम्स' ऐका, १९६३ चं, तिचं विमान कोसळून ती गेल्यावर आलेलं. त्यात स्ट्रिंग्ज अशा वाजतात की गाण्याचं अर्धं दुःख त्याच सांगून टाकतात. पुढे निर्माता बिली शेरिलने हेच अजून मोठं, अजून मऊ केलं, टॅमी विनेट, चार्ली रिच यांची गाणी, आणि १९८० मध्ये जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. जुन्या कंट्रीचे कट्टर चाहते याला नावं ठेवायचे, साखर घातली, गावाकडचा वास घालवला वगैरे. मला ती टीका कधी पटली नाही. जोन्सच्या त्या गाण्यात शेवटी स्ट्रिंग्ज चढतात तेव्हा घसा दाटतोच.

ऑल्ट-कंट्रीची पिढी मात्र याच गुळगुळीतपणाच्या विरोधात उभी राहिली. अंकल टुपेलो या बँडचा पहिला अल्बम १९९० चा, नाव 'नो डिप्रेशन', ते कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गटाच्या गाण्यावरून घेतलेलं. एका हाताला पंक, दुसऱ्या हाताला तीसच्या दशकातली खरखरीत गाणी, मधलं नॅशव्हिल सगळं वगळून. १९९५ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं, त्याच वर्षी अंकल टुपेलो फुटून निघालेल्या विल्को आणि सन व्होल्ट या बँडचे पहिले अल्बम आले, म्हणजे लाट अगदी जोरात होती.

आणि लॅम्बचॉप खुद्द नॅशव्हिलचे. आधी नाव पोस्टरचाइल्ड होतं, पण पोस्टर चिल्ड्रन नावाचा बँड आधीच होता म्हणून बदलावं लागलं. वॅग्नर चित्रकला शिकलेला आणि पोटासाठी लाकडी फरश्या बसवायचा, घासायचा. बाकीचेही नोकऱ्या सांभाळून यायचे, मित्र मित्राला घेऊन यायचा, कोणी सॅक्सोफोन आणला, कोणी ऑर्गन वाजवला, कोणाला नको म्हटलं नाही, असा बँड वाढत गेला. १९९४ मध्ये पहिला अल्बम आला. आता इतकी माणसं एकत्र वाजवणार आणि गाणारा पुटपुटणार म्हटल्यावर प्रत्येकाला थांबायला शिकावंच लागतं, दोन सूर लावायचे आणि पुढच्याला जागा द्यायची. दिवसभर सँडिंग मशीनच्या घरघरीत काम करणाऱ्या माणसाने संध्याकाळी इतकं हळू गावं हे मला तरी अगदी स्वाभाविक वाटतं.

दुसऱ्या अल्बमला त्यांनी स्ट्रिंग्ज घ्यायचं ठरवलं आणि ती अरेंजमेंट जॉन मॉक यांनी केली. बाकी ऑल्ट-कंट्रीवाले जे टाकून पुढे गेले होते, नेमकं तेच यांनी आपल्याच गावातून उचललं. आणि त्यात थट्टा कुठेच नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेरिलच्या गाण्यात स्ट्रिंग्ज घटस्फोटावर, मरणावर वाजायच्या, इथे त्या घरातल्या बारीकसारीक गोष्टींवर, नवराबायकोच्या अर्धवट बोलण्यावर वाजतात, तेवढ्याच मनापासून.

'द मॅन हू लव्हड बीअर' हे गाणं तर वेगळंच. त्याचे शब्द एका प्राचीन इजिप्शियन मजकुरावर बेतलेत, जगण्याला कंटाळलेला माणूस स्वतःच्याच आत्म्याशी वाद घालतो तो मजकूर, जवळपास चार हजार वर्षं जुना. आज मी बोलू तरी कोणाशी, असं तो माणूस परत परत विचारतो. वॅग्नर ते इतक्या साधेपणाने गातो की शेजारचाच कोणी पायरीवर बसून बोलतोय असं वाटतं. २००४ मध्ये गायक डेव्हिड बर्नने ते स्वतःच्या अल्बमवर गायलं, पण आधी मूळ ऐका, शक्यतो रात्री, आवाज कमी ठेवून.