मिरायेस आणि गार्दोकी: स्पेनचे दोन व्यापारी

अमेरिकेतील स्पेनचे पहिले राजदूत म्हणून कधी हुआन दे मिरायेस यांचे नाव घेतले जाते, तर कधी दिएगो दे गार्दोकी यांचे. दोघेही मूळचे व्यापारी आणि दोघांचाही अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाशी संबंध आला, त्यामुळे गल्लत होते. काटेकोरपणे पाहता राजदूत ही पदवी दोघांपैकी एकालाही नव्हती.

मिरायेस हवानाचे, गुलामांच्या व्यापारातही त्यांचा हात होता. बंडखोर वसाहतींतील घडामोडी कळवण्यासाठी हवानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने त्यांना पाठवले, आणि स्पेनला निघालेले जहाज अडचणीत आल्याचे निमित्त करून ते १७७८ च्या प्रारंभी चार्ल्सटनला उतरले व पुढे फिलाडेल्फियात राहिले. स्पेनने अमेरिकेला मान्यता दिलेली नसल्याने त्यांच्याजवळ अधिकारपत्र नव्हते. पेशवाईतल्या अर्थाने त्यांना वकील म्हणण्यापेक्षा बातमीदार म्हणणे अधिक बरोबर. तरीही वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि एप्रिल १७८० मध्ये मॉरिसटाउनच्या छावणीत, वॉशिंग्टन यांच्याच मुक्कामाच्या घरी, ते आजारी पडून वारले. सैन्यातील एका डॉक्टरने रोजनिशीत नोंदवले आहे की, त्यांचे शव सोनेरी जरीच्या लाल पोशाखात होते, बोटांत हिऱ्यांच्या अंगठ्या आणि बुटांवर हिऱ्यांची बक्कले होती. मोहापायी कोणी शिपाई थडगे उकरील म्हणून तेथे पहारा बसवावा लागला. पगार थकलेल्या सैन्यात ही धास्ती अनाठायी नव्हती.

गार्दोकी यांची पेढी स्पेनमधील बिल्बाओची. न्यू इंग्लंडची खारवलेली कॉड मासळी या पेढीकडे येत असे आणि गार्दोकींना इंग्रजी उत्तम येई, म्हणून मार्च १७७७ मध्ये बुर्गोस येथे अमेरिकेचे प्रतिनिधी आर्थर ली यांच्याशी गुप्त बोलणी झाली तेव्हा दुभाषे तेच होते. पुढे या पेढीमार्फत, स्पेनच्या सरकारचे नाव पुढे न येता, युद्धसामग्री आणि घोंगड्या अमेरिकेला गेल्या. युद्ध संपल्यावर, १७८५ मध्ये, ते प्रभारी राजदूत (राजदूताहून खालचा दर्जा) म्हणून रीतसर न्यूयॉर्कला आले, तेही मुखाशी स्पेनच्या ताब्यात असलेली मिसिसिपी नदी अमेरिकी जहाजांना बंदच राहावी यासाठी. अमेरिकेचे परराष्ट्र सचिव जॉन जे व्यापारी सवलतींच्या बदल्यात २५-३० वर्षे नदीवरील हक्क बाजूला ठेवण्यास तयार होते, परंतु अमेरिकेच्या विधिमंडळात, काँग्रेसमध्ये, सात राज्ये अनुकूल आणि पाच प्रतिकूल निघाली. तहाला नऊ राज्यांची संमती लागे, त्यामुळे बोलणी तिथेच अडली. नदी अखेर १७९५ च्या तहाने अमेरिकेला खुली झाली, तेव्हा गार्दोकी माद्रिदमध्ये अर्थमंत्री होते.