झेंटँगल ही झेन भिक्षूंची प्राचीन साधना नव्हे

नाशिकमध्ये महिला मंडळांपासून व्हॉट्सॲप गटांपर्यंत बरीच वर्षे असे सांगितले जाते, की झेंटँगल ही कागदावर नक्षी रेखाटण्याची पद्धत जपानी झेन पंथाच्या बौद्ध भिक्षूंची प्राचीन साधना असून तिला तासभराचे मौन लागते. हे खरे नाही. अमेरिकेतील रिक रॉबर्ट्स आणि अक्षरकलाकार मारिया थॉमस या दोघांनी ही पद्धत याच शतकाच्या आरंभी घडवली; ‘झेन’ केवळ नावात आहे.

तिला लागतो साडेतीन इंचांचा चौरस कागद, पेन्सिल आणि काळे पेन. चार कोपऱ्यांत फिकट ठिपके देऊन ते जोडायचे, आत एक सैल रेघ सोडायची आणि तिने पाडलेल्या कप्प्यांत एकच साधी खूण सावकाश, पुन्हा पुन्हा काढत जायचे. खोडरबर नसते, चुकलेली रेघ पुढच्या नक्षीत सामावून घ्यायची. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत आकृती बहुधा आधी ठरलेली असते, इथे ती ठरवायचीच नसते, आणि मला हाच भेद सर्वांत मोलाचा वाटतो. प्राचीनतेच्या समजापायी अनेकजणी निवांत तासाची वाट पाहत राहतात, याचे वाईट वाटते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर बस येईपर्यंतच्या दहा मिनिटांतही एक कप्पा भरून होतो.