गिऱ्हाईक खूश आहे, की अडकलंय?

आमच्या घाटंजीकडच्या गावातून कापूस दोन ठिकाणी जातो. एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारा कारखाना: काटा चोख, पैशाचा चुकारा त्याच दिवशी. त्यासाठी लोक दोन गावं ओलांडून गाडी नेतात. दुसरा गावातलाच कृषी केंद्रवाला. भाव कमी देतो, तरी माल त्याच्याकडे जातो. काका म्हणतात, "त्याच्याच वहीत नाव हाय ना बाप्पा, जातो कुठी?" जूनमधलं बियाणं-खत त्याच्याकडून उधार आणलेलं असतं.

गर्दी दोन्हीकडे सारखीच, म्हणून गफलत होते. जिनिंगकडे आहे ती स्पर्धात्मक आघाडी, म्हणजे काम चांगलं म्हणून गिऱ्हाईक येतं; वहीवाल्याकडे आहे ते लॉक-इन, म्हणजे सोडून जाणं जड जातं म्हणून गिऱ्हाईक थांबतं. स्मार्टवॉचच्या बाजारातही लोक दोन्हींना एकाच मापानं मोजतात.

गार्मिनचं घड्याळ अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवरही चालतं. धावणारे ते जीपीएस आणि बॅटरीसाठी घेतात. फोन बदलला तरी ते मनगटावरच राहतं. ही सरळ आघाडी.

ॲपल वॉचचं गणित गुंत्याचं आहे. 2018 मध्ये सिरीज 4 ला ईसीजी आला, ती खरी आघाडी. पण हे घड्याळ आयफोनशिवाय सुरूच होत नाही. उद्या अँड्रॉइड घेतला, तर ईसीजीसकट सगळं डब्यात. मग माणूस कशासाठी थांबलाय, गुणासाठी की वहीसाठी? मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात घड्याळाचा मुद्दाही आहे. इतर कंपन्यांच्या घड्याळांना आयफोनवर मेसेजला उत्तर देण्यासारख्या सोयी मिळू देत नाहीत, असा आरोप आहे. सॅमसंगही काही धुतल्या तांदळाचा नाही. त्याची आधीची घड्याळं आयफोनला जोडता यायची. 2021 च्या गॅलेक्सी वॉच 4 नं ते दार लावून घेतलं.

तालुक्याच्या मोबाइल दुकानातली स्वस्त घड्याळं मात्र कुठल्याही फोनला जोडा. भाच्यानं कंपनी बदलली, तेव्हा त्याला काहीच जड गेलं नाही. दोन वर्षांच्या चालण्या-झोपण्याचा हिशेब तेवढा जुन्या ॲपात राहिला. म्हणजे वही तिथंही आहे, फक्त पातळ.

आणि उधारीला नुसती शिवी देऊनही चालत नाही. पेरणीच्या तोंडावर बँक दारात उभं करत नव्हती, तेव्हा पोतं त्याच वहीवाल्यानं दिलं होतं. मनगटावरच्या ॲपल वॉचनं ॲपलच्याच लॅपटॉपचं लॉक आपोआप उघडतं, तीही सोयच. सोडायची वेळ आली की तिची किंमत कळते.

यंदा सोयाबीनच्या पैशात काकांनी वही कोरी केली. आता कापसाची गाडी कोणाच्या काट्यावर जाते, ते बघतोय.